अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना

ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेंत एक प्रार्थना अशी असते कीं, प्रथमच ऐकणाऱ्यास तिचें थोडें नवल वाटावें. आजाऱ्यांसाठीं, शोकग्रस्तांसाठीं, पेरणीच्या दिवसांत पावसासाठीं देवाजवळ मागणें झालें, तर तें कोणासही स्वाभाविक वाटतें. परंतु त्याच ओघांत राष्ट्रपति, पंतप्रधान, राज्याचे मंत्री, न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि गांवचे सरपंच यांच्यासाठींही मागणें होतें. ज्याच्या हातीं सत्ता आहे, ज्याच्या दारीं शिपाई उभा आहे आणि ज्याच्या सहीनें कामें होतात, त्याच्यासाठीं दुसऱ्यानें देवापुढें हात कां जोडावे, असा प्रश्न सहजच उद्भवतो.

या एका प्रश्नाच्या पोटीं तीन प्रश्न आहेत. ही राज्यकर्त्यांची खुशामत तर नव्हे? राज्यकर्ता अन्यायी असला, तर त्याच्यासाठीं मागावें तरी काय? आणि प्रार्थना करून मनुष्य आपल्या कर्तव्यांतून मोकळा होतो काय? या प्रश्नांचा विचार बीड जिल्ह्याच्या आधारें करणें सोयीचें आहे. राज्य बदलणें म्हणजे काय, याचा अनुभव या जिल्ह्यानें थोडक्या काळांत जितका घेतला, तितका महाराष्ट्रांतील फार थोड्या प्रदेशांनीं घेतला असेल.

बालाघाटच्या डोंगररांगा अंगावर घेतलेला आणि उत्तरेस गोदावरीची सीमा लाभलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्याला पश्चिमेस लागून असलेला अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, इंग्रजी मुलखांत होता. भाषा एक, पीकपाणी एक, सोयरीकसंबंध एक. परंतु सीमेच्या अलीकडे एक राजा व पलीकडे दुसरा. १९३० सालीं अंबाजोगाईस, त्या काळच्या मोमिनाबादेस, जन्मलेल्या एखाद्या माणसाची कल्पना करावी. त्याच्या बालपणीं सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे राज्य करीत होते. तो अठरा वर्षांचा असतां, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, निजामाच्या फौजेनें शरणागति पत्करली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी हे लष्करी गव्हर्नर झाले. २६ जानेवारी १९५० रोजीं भारत प्रजासत्ताक झाला, आणि कालचे निजाम घटनेच्या चौकटींतील राजप्रमुख म्हणून त्याच्या दृष्टीस पडले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. घराचा उंबरठा न सोडतां वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत त्या माणसानें इतकीं राज्यें पाहिलीं. अशा गांवीं अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना करणाऱ्यास नांवें बदलावीं लागलीं असतील. प्रार्थना बदलावी लागली काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रार्थनेचा मूळ आधार प्रेषित पौलाच्या नांवानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तेथील उपदेशाचें तात्पर्य असें कीं, सर्व माणसांसाठीं प्रार्थना करावी, आणि राजे व अधिकारावर असलेले लोक यांना त्यांतून वगळूं नये. हेतु हा कीं, सर्वांचें आयुष्य स्वस्थतेनें व सभ्यतेनें जावें. हा उपदेश ज्या राज्यांत झाला तेथील राजा ख्रिस्ती नव्हता. इ. स. ६४ मध्यें रोम शहरास आग लागली, तेव्हां सम्राट नीरो यानें तिचें खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलें आणि त्यांचा अमानुष छळ केला, असें टॅसिटस या रोमन इतिहासकारानें नमूद करून ठेविलें आहे. त्याहूनही सहा शतकें पूर्वीं यिर्मया या संदेष्ट्यानें बाबिलोनांत धरून नेलेल्या यहुदी लोकांस पत्र लिहून कळविलें होतें कीं, घरें बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरांत बंदिवान म्हणून आलां आहां त्याचें हित चिंतून त्यासाठीं देवाची प्रार्थना करा. ज्यांनीं यरुशलेम लुटलें त्यांच्याच नगरासाठीं ही प्रार्थना होती. तेव्हां राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे, आपल्या पसंतीचा आहे किंवा सद्गुणी आहे, ही अट या प्रार्थनेस प्रारंभापासूनच नाहीं.

खुशामतीच्या आक्षेपाचें उत्तर इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन या ग्रंथकारानें आपल्या समर्थनपर ग्रंथांत दिलें आहे. ख्रिस्ती लोक सम्राटास दीर्घायुष्य, राज्यास सुरक्षितता आणि जगास शांतता मागतात, असें त्यानें रोमन अधिकाऱ्यांस सांगितलें. परंतु सम्राटाच्या प्रतिमेपुढें धूप जाळण्यास तेच लोक नकार देत आणि त्यासाठीं मरणही पत्करीत. सम्राटासाठीं प्रार्थना आणि सम्राटाची प्रार्थना यांत एका लहानशा शब्दाचें अंतर आहे. पण त्या अंतरासाठीं माणसांनीं प्राण दिले. ज्याच्यासाठीं देवाकडे मागावें लागतें तो स्वतः देव नव्हे, हें त्या मागण्यांतच गृहीत असतें. खुशामत करणारा धन्याला सांगतो कीं, तुला कशाची उणीव नाहीं. प्रार्थना करणारा सांगतो कीं, याला शहाणपण हवें आहे, धीर हवा आहे, क्षमाही हवी आहे. एखाद्या सत्ताधीशानें ही प्रार्थना नीट कान देऊन ऐकली, तर तो सुखावण्याऐवजीं अंतर्मुख होण्याचाच संभव अधिक.

दक्षिणेंतील लोकांस हा भेद समजण्यास इतिहासाचा एक दाखला उपयोगीं पडेल. मुसलमानी राज्यपद्धतींत शुक्रवारच्या खुत्ब्यांत कोणाचें नांव घेतलें जातें आणि नाण्यावर कोणाचें नांव असतें, यावरून सार्वभौम कोण हें ठरत असे. हैदराबादचे निजाम कित्येक पिढ्या व्यवहारांत स्वतंत्र होते, तरी १८५७ च्या उठावापर्यंत त्यांच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचें नांव असे. अशा वेळीं उपासनेंतील नांव हें राजकीय घोषणेसारखें होतें. ख्रिस्ती राष्ट्रांनींही हा मोह टाळला असें नाहीं. इंग्लंडांतील प्रार्थनेच्या पुस्तकांत राजाचें नांव छापलेलें असे, आणि तें म्हणणें धर्मगुरूंवर बंधनकारक असे. त्यामुळें ४ जुलै १७७६ रोजीं अमेरिकेंत स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य झाला, त्याच दिवशीं फिलाडेल्फिया येथील ख्राइस्ट चर्चच्या पंचांनीं राजासाठीं असलेल्या प्रार्थना गाळण्याचा ठराव केला, आणि पुस्तकांतील तें नांव लेखणीनें खोडण्यांत आलें. नांव खोडलें, पण अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना थांबली नाहीं. तिच्यांत नव्या राज्यकर्त्यांचा उल्लेख आला. भारतांतही बादशहाच्या नांवाची जागा पुढें राष्ट्रपतींनीं घेतली. यावरून दिसतें कीं, नांव हें या प्रार्थनेचें वस्त्र आहे, शरीर नव्हे. वस्त्रालाच शरीर मानलें, म्हणजे राज्य बदलतांच मंडळी गोंधळून जाते.

बीडच्या दोन बाजूंस मराठी ख्रिस्ती समाजाचीं दोन जुनीं ठिकाणें आहेत. पश्चिमेस अहमदनगर, तेथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्या कवीची वाणी तेथेंच बहरली. उत्तरेस गोदावरीपलीकडे जालना. तेथें स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं काम केलें. शेषाद्री हे ब्राह्मण कुळांत जन्मले. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली, आणि तिच्यासाठीं निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या सरकाराकडून त्यांना जमीन मिळाली. ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती उपदेशक, समाजानें दूर लोटलेले गरीब लोक आणि मुसलमान दिवाण, अशा तिघांच्या संबंधांतून तें गांव उभें राहिलें. अशा वसाहतींत अधिकाऱ्यांसाठीं होणारी प्रार्थना केवळ स्वधर्मीय राजासाठीं असणें शक्यच नव्हतें. सत्ता ज्याच्या हातीं आहे त्याला न्यायबुद्धि लाभावी, एवढेंच तेथें मागतां येण्यासारखें होतें. आणि एवढेंच या प्रार्थनेचें मर्म आहे.

आतां कठीण प्रश्न. राज्यकर्ता अन्याय करीत असतां त्याच्यासाठीं काय मागावें? हैदराबाद संस्थानांत हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत शिक्षणाचें कार्य केलेले स्वामी रामानंद तीर्थ हे त्या लढ्याचे नेते झाले आणि त्यांनीं वारंवार कारावास भोगला. १९४७ व १९४८ या वर्षीं कासीम रझवी यांच्या रझाकारांनीं खेडोपाडीं दहशत बसविली. कित्येक कुटुंबें घरदार सोडून सीमेपलीकडे गेलीं. अशा वेळीं राज्यकर्त्याला यश दे, त्याचें राज्य वाढव, असें मागणें म्हणजे पीडितांशीं द्रोहच झाला असता. परंतु अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना करणें म्हणजे त्यांच्या प्रत्येक हुकमास देवाची मान्यता मागणें, असा अर्थ पवित्र शास्त्रांत कोठेंही नाहीं. ज्या पेत्रानें राजाचा मान राखण्यास सांगितलें, त्यानेंच न्यायसभेपुढें उभें राहून, माणसांपेक्षां देवाची आज्ञा मानणें हें आपलें कर्तव्य आहे, असें स्पष्ट बजाविलें होतें. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत हा प्रसंग आला आहे.

म्हणून अन्यायी राज्यकर्त्यासाठींही प्रार्थना होऊं शकते. तिच्यांतील मागणें मात्र वेगळें असतें. त्याचें मन पालटावें, त्याच्या भोंवतीं खरें बोलणारीं माणसें असावींत, त्याच्या हातून होणारें अकल्याण थांबावें, आणि त्याला थांबविणाऱ्यांच्या मनांत सूड नसावा, असें तें मागणें आहे. मराठी मनास हा विचार परका वाटूं नये. १२९० सालीं पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटीं जें पसायदान आहे, त्यांत दुष्टांचा नाश मागितलेला नसून त्यांच्या ठिकाणचा दुष्टपणा जावा असें मागितलें आहे. दोन परंपरांच्या वाटा निराळ्या; पण या एका वळणावर त्या परस्परांस दुरून ओळखतात.

सूड नसावा, हें मागणें किती अगत्याचें आहे, हें सप्टेंबर १९४८ नंतरच्या कांहीं आठवड्यांत दिसून आलें. राज्य बदललें आणि जुन्या जुलमाची चीड मराठवाड्यांतील कित्येक ठिकाणीं निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उलटली. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं पाठविलेल्या मंडळानें या प्रांतांत फिरून त्या अत्याचारांचा अहवाल दिला. तो कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. मुक्ति खरी होती आणि आवश्यकही होती. परंतु मुक्तीच्या दिवशीं विजेत्यांच्या हातीं आलेल्या सत्तेसाठीं प्रार्थना करणारें कोणी हवें होतें. पराभूत राजासाठीं प्रार्थना करणें जितकें अवघड, तितकेंच आपल्याला प्रिय असलेल्या विजेत्याला संयम लाभावा म्हणून प्रार्थना करणें अवघड. पौलानें जें स्वस्थ आयुष्य मागण्यास सांगितलें तें सर्वांचें. केवळ आपल्या घराचें किंवा आपल्या मंडळीचें नव्हे. शेजारचें घर जळत असतां स्वतःच्या घरांतील शांततेबद्दल देवाचे आभार मानणें हा त्या वचनाचा विपर्यास होय.

प्रार्थना करणारा सत्तेला प्रश्न विचारूं शकतो काय? याचें उत्तर महाराष्ट्रांतीलच एका थोर स्त्रीनें दिलें आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत लोकांचे हाल झाले, तेव्हां पंडिता रमाबाई यांनीं बॉम्बे गार्डियन या पत्रांत आपल्या आश्रयास असलेल्या मुलीच्या अनुभवावरून सरकारी व्यवस्थेवर कठोर टीका केली. तो विषय विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला, आणि मुंबईच्या गव्हर्नरांस खुलासा करणें भाग पडलें. रमाबाईंचें सारें जीवन प्रार्थनेवर उभें होतें, राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. तरीही त्यांनीं त्यांची भीड धरली नाहीं. युरोपांतही १९३४ च्या मे महिन्यांत जर्मनींतील बार्मेन येथें जमलेल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं एक जाहीरनामा काढला. न्याय व शांतता राखणें हें राज्याचें देवदत्त काम असल्याचें त्यांनीं मान्य केलें; पण मानवी जीवनाचा एकमेव नियंता होण्याचा राज्याचा हक्क त्यांनीं नाकारला. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हां दीड वर्षही झालें नव्हतें. जी मंडळी राज्यकर्त्यासाठीं मनापासून प्रार्थना करते, तिला राज्यकर्ता कोठें चुकतो हें दिसल्यावांचून राहत नाहीं. आणि दिसल्यावर गप्प बसणें तिला कठीण जातें.

लोकशाहींत या प्रार्थनेची व्याप्ति वाढली आहे. राजा एक होता, त्याचे अंमलदार थोडे होते. आज बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत सरपंच आणि पंचायतींचे सभासद किती तरी आहेत. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें त्यांच्या अधिकारास घटनेचा आधार मिळाला, आणि महाराष्ट्रांत २०११ पासून त्यांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवलेल्या आहेत. शिवाय मत देणारा प्रत्येक नागरिक हाही एका अर्थीं अधिकारी झाला आहे. म्हणजे अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना करतांना तो स्वतःसाठींही प्रार्थना करीत असतो. ज्यानें पैसे घेऊन किंवा जात पाहून मत दिलें, त्यानें रविवारीं मुख्यमंत्र्यांना सद्बुद्धि मागणें यांत मोठी विसंगति आहे.

अधिकारावर असलेल्यांसाठीं, असें मोघम म्हणून पुढें जाणें सोपें असतें. परंतु बीड जिल्ह्यांत त्या शब्दाला ठराविक चेहरे आहेत. दसरा झाला म्हणजे येथील हजारों कुटुंबें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुलांची शाळा सुटूं नये म्हणून हंगामी वसतिगृह वेळेवर उघडणें कोणाच्या हातीं आहे? फडावर शिधापत्रिकेचें धान्य मिळेल कीं नाहीं, हें कोण ठरवितो? ऊस तोडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें आणि राज्य सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. तिच्या शिफारशींचें काय झालें, हें विचारणें कोणाचें काम आहे? अवर्षणांत टँकर कोणत्या वस्तीवर आधीं जावा, याचा निर्णय कोण करतो? या प्रश्नांचीं उत्तरें माहीत असल्यावांचून प्रार्थना नेमकी होत नाहीं, आणि तीं माहीत करून घेऊं लागलें म्हणजे प्रार्थना करणारा ग्रामसभेंत, तहसील कचेरींत, वसतिगृहाच्या दारांत येऊन उभा राहतो. प्रार्थना कर्तव्याची जागा घेते, हा तिसरा आक्षेप येथें आपोआप मावळतो. जी प्रार्थना मनुष्यास जागचा हलवीत नाहीं, ती बहुधा मागणेंच नसते; तें एक पाठ केलेलें वाक्य असतें.

अधिकारावर असलेला मनुष्य नेहमीं बलवान असतो, हा समजही सोडून दिला पाहिजे. ९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचें अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यांत आली, आणि सारा महाराष्ट्र हादरून गेला. गांवानें निवडलेला माणूसच असुरक्षित असेल, तर सत्तेचें खरें ठिकाण कोठें आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून बीडमधील प्रत्येक विचारी घरांत विचारला गेला. अशा ठिकाणीं अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना म्हणजे प्रामाणिक अधिकाऱ्याच्या जिवाचें रक्षण मागणें. तपास करणाऱ्या पोलिसाला निर्भयता मागणें. साक्षीदाराला धीर आणि न्यायाधीशाला निःपक्षपातीपणा मागणें होय. आणि ज्यांच्या हातीं अधिकृत पद नसतांही धाक आहे, त्यांचा धाक मोडावा हेंही त्यांत आलें. पौलाच्या उपदेशांतील स्वस्थ आयुष्य तेथें आकाशांतून पडत नाहीं. कोणी तरी आपलें काम न भितां केलें, तरच तें लाभतें.

ख्रिस्ती समाज बीड जिल्ह्यांत संख्येनें लहान आहे. त्याच्या प्रार्थनेनें मंत्रिमंडळें बनत नाहींत कीं मोडत नाहींत. तथापि लहान समाजाला एक दृष्टि सहज लाभते: सत्ता आपल्या हातीं येईल ही आशा नसल्यानें, ती कोणाच्याही हातीं असली तरी न्यायानें चालावी, एवढीच त्याची मागणी उरते. निजामाच्या काळीं ती योग्य होती, लष्करी गव्हर्नराच्या काळीं योग्य होती, आणि मतपेटीच्या काळींही ती योग्यच आहे. राज्यकर्त्याला देव मानूं नये आणि शत्रूही मानूं नये. तो एक मनुष्य आहे, त्याच्या खांद्यावर इतरांचें ओझें आहे, आणि त्या ओझ्याचा हिशेब त्याला एके दिवशीं द्यावयाचा आहे, असें मानावें. असें मानणाऱ्या घरांत सत्ताधीशाची निंदा करतांना जीभ थोडी आवरते, त्याची स्तुति करतांनाही आवरते, आणि त्याला खरें सांगण्याची वेळ येते तेव्हां मात्र ती अडखळत नाहीं.